प्रवासानंतर रिंगणात आखडणारे कुत्रे : कारण कसे शोधावे आणि काय करावे

आमची हरणी ही कारवान या सडपातळ शिकारी जातीची कुत्री आहे. सांगलीजवळच्या आमच्या मळ्यात ती सकाळी बांधाच्या कडेने दुडक्या चालीने निघते, तेव्हा पाठीची रेषा सरळ असते, मान पुढे झुकलेली असते आणि पाऊल जमिनीला जेमतेम टेकते. हीच हरणी बाहेरगावच्या श्वानप्रदर्शनात परीक्षकांसमोर उभी केली की तिची पाठ कमानीसारखी वर येत असे, शेपूट मागच्या पायांत जात असे, आणि दात पाहण्यासाठी कोणी ओठ वर केला की ती मान फिरवून माझ्या मांडीमागे लपत असे. पुणे, बेळगाव आणि पुन्हा पुणे अशा लागोपाठ तीन प्रदर्शनांत हेच घडले. तिसऱ्या वेळी परीक्षकांनी सौम्य शब्दांत सांगितले की बांधा चांगला आहे, परंतु जी चाल दिसतच नाही तिला गुण कसे द्यावेत. त्यांचे म्हणणे रास्तच होते.

हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. घरी उत्तम, गावातल्या सरावात उत्तम आणि दूरच्या प्रदर्शनात मात्र ओळखू न येण्याइतके वेगळे वागणारे कुत्रे पाळणारी अनेक मंडळी मला भेटली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांनी माझ्यासारखेच चुकीच्या ठिकाणी उत्तर शोधण्यात वर्ष घालवले आहे. म्हणून कारण कसे सापडले आणि त्यावर काय लागू पडले, ते क्रमाने लिहीत आहे.

रिंगणाची भीती, हे पहिले आणि चुकलेले निदान

ज्याला विचारावे त्याने एकच कारण सांगितले: कुत्रीला रिंगणाची सवय नाही, गर्दीला ती बुजते. त्यावर मी चार महिने खर्च केले. गावातल्या शाळेच्या मैदानावर ओळखीच्या लोकांना त्यांची कुत्री घेऊन बोलावले, दोरी बांधून रिंगण आखले, ध्वनिक्षेपकावर मोठ्याने गाणी लावली, अनोळखी माणसांना तिचे दात पाहायला लावले. हरणीने हे सगळे पहिल्या दोन आठवड्यांतच आत्मसात केले. परीक्षक चालायला लावतात तशी ती त्रिकोणात चालली, सरळ जाऊन सरळ परत आली, अनोळखी हात तोंडापाशी आला तरी स्थिर उभी राहिली. त्यानंतरच्या पुण्याच्या प्रदर्शनात ती पुन्हा कमान करून उभी राहिली.

त्या दिवशी जत तालुक्यातून आलेले एक वयस्क गृहस्थ शेजारच्या मांडवात बसले होते. त्यांच्या घरात तीन पिढ्या कारवान कुत्री आहेत आणि त्या भागातले सगळे लोक त्यांना अण्णा म्हणतात. हरणी बाहेर आल्यावर त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला नाही. त्यांनी तळहात सरळ तिच्या छातीखाली, पुढच्या दोन पायांच्या मध्ये धरला आणि मला म्हणाले, ‘‘हिची छाती ओली हाय बघा ताई. अंघोळीचं पाणी न्हाई हे, लाळ हाय. ही समदी वाट लाळ गाळत आलीया.’’ मी हात लावून पाहिला. छातीवरचे आखूड केस एकमेकांना चिकटून बारीक बटा झाल्या होत्या, वरून वाळल्या होत्या आणि मुळाशी अजून चिकट होत्या. गाडीत जाऊन मागच्या सीटवरची चादर पाहिली, तर तिच्या तोंडाखालच्या जागी दोन तळहातांएवढा डाग होता. तीन प्रवासांत तो डाग मी पाहिलाच नव्हता, असे नाही. उन्हामुळे धापा टाकताना लाळ गळली असेल, असे समजून मी तो दर वेळी धुऊन टाकला होता.

प्रवास आणि प्रदर्शन वेगवेगळे तपासून पाहा

कोणतेही औषध किंवा नवा सराव सुरू करण्याआधी ही तपासणी करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण तिला दोन रविवारांपलीकडे काही लागत नाही. एका रविवारी गाडीत न बसवता, चालत नेता येईल अशा ठिकाणी रिंगणाचा पूर्ण सराव घ्यावा. दुसऱ्या रविवारी प्रदर्शनाचा काहीही संबंध नसताना कुत्र्याला दोन तास गाडीतून फिरवावे, ओळखीच्याच मैदानावर उतरवावे आणि लगेच दुडक्या चालीने चालवून पाहावे. दोन्ही वेळा कोणाला तरी बाजूने मोबाईलवर चित्रण करायला सांगावे, कारण पट्टा हातात असलेल्या माणसाला पाठीची रेषा दिसत नाही.

हरणीला मी सांगलीहून कराडपर्यंत नेऊन परत आणले आणि आमच्याच मळ्यात उतरवले. तेथे परीक्षक नव्हते, मांडव नव्हता, दुसरे कुत्रे नव्हते, तरी पाठीला तीच कमान होती आणि मागचे पाय तसेच आखूड टाकले जात होते. साधारण चाळीस मिनिटांनी ती गवतात लोळली, अंग झाडले, आणि त्यानंतर तिची नेहमीची चाल परत आली. दोष प्रवासात आहे, हे त्या चाळीस मिनिटांनी ठरवून टाकले. तुमचे कुत्रे प्रवासानंतर नीट चालत असेल आणि चालत नेलेल्या सरावातच बिघडत असेल, तर मात्र तुमची समस्या खरोखर रिंगणाची आहे आणि या लेखातील पुढचा भाग तुम्हाला थोडाच उपयोगी पडेल.

आणखी एक शक्यता आहे व ती पुढे ढकलू नये. एक-दोन दिवस पूर्ण विश्रांती मिळूनही पाठ वरच राहत असेल, कुत्रे जिना चढायला कुरकुरत असेल किंवा चालताना लवकर थकत असेल, तर ते दुखणे आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे. मणका आणि खुबा यांची तपासणी तर व्हावीच, पण आपल्याकडे गोचिडांमुळे होणारे एर्लिचिया आणि बबेसियासारखे आजार इतके आढळतात की रक्ततपासणी केल्याशिवाय कुत्र्याला आळशी किंवा भित्रे ठरवू नये. फिक्या हिरड्या, मंदावलेली भूक आणि मधूनच येणारा ताप एवढीच लक्षणे काही आठवडे दिसू शकतात. हरणीची रक्ततपासणी मी याच टप्प्यावर करून घेतली. ती स्वच्छ आली.

मळमळ ओळखणे

कुत्र्याला गाडी लागते म्हणजे ते उलटी करतेच, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात उलटी हा शेवटचा टप्पा असतो आणि अनेक मोठी कुत्री तेथपर्यंत जातच नाहीत. ती कित्येक तास मळमळत बसून राहतात. प्रवासात मी पुढच्या सीटवर असताना हे कधीच दिसले नव्हते. पुढच्या फेरीला धाकट्या भावाने गाडी चालवली आणि मी मागे हरणीशेजारी बसले. गाडी महामार्गाला लागल्यावर दहा-बारा मिनिटांत तिने जिभेने नाकाचा शेंडा चाटायला सुरुवात केली. मग तोंड मिटून घोट गिळणे सुरू झाले, एकामागून एक, आणि प्रत्येक घोटाला गळ्याखालची कातडी हलत होती. मध्येच तिने झोप आलेली नसताना मोठी जांभई दिली. त्यानंतर खालच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची पहिली तार लोंबली. एवढ्या वेळात तिने एकदाही आवाज केला नाही. शांत बसणारे कुत्रे प्रवासात सुखी असते, हा माझा समज त्या फेरीत गेला.

यामागचे कारण माणसासारखेच आहे. कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. गाडी वळते, थांबते, हेलकावते तेव्हा ती शरीर हलत असल्याचा निरोप मेंदूला देते, आणि सीटवर खाली बसलेल्या कुत्र्याच्या डोळ्यांना मात्र गाडीचे स्थिर दार दिसत असते. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही. पिल्लांमध्ये ही यंत्रणा पूर्ण विकसित झालेली नसल्याने त्यांना गाडी अधिक लागते आणि त्यांतील बरीच वर्षभराची होईपर्यंत यातून बाहेर पडतात. जी बाहेर पडत नाहीत, त्यांच्या बाबतीत बहुधा दुसरी एक गोष्ट मिसळलेली असते: गाडीत बसले की मळमळते, हे कुत्र्याच्या मनात पक्के झालेले असते, आणि मग गाडी सुरू होण्याआधीच लाळ सुटते.

आमच्या रस्त्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे, कारण तिने मला बराच काळ चकवले. साताऱ्याकडून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, तर पुण्याहून परतताना घाट चढावा लागतो. हरणीला दोनदा उलटी झाली ती परतीच्या वाटेवर, घाटातच. त्यामुळे जाताना तिला त्रास होत नाही आणि येताना दिवसभराच्या दगदगीमुळे होतो, असे मी समजत राहिले. जाताना ती उलटी करत नव्हती, एवढेच खरे होते.

मळमळीवर काय केले

पहिला उपाय वेळखाऊ आहे, पण त्याला पर्याय नाही. हरणीच्या आयुष्यात गाडी दोनच ठिकाणी जात असे, एक डॉक्टरांकडे आणि दुसरे प्रदर्शनाला. हा संबंध तोडण्यासाठी पहिला आठवडा बंद गाडीत बसवून तिला फक्त खाऊ दिला. दुसऱ्या आठवड्यात इंजिन सुरू केले, पण गाडी जागची हलवली नाही. त्यानंतर वेशीपर्यंत, मग कालव्यापर्यंत, मग दहा मिनिटे, वीस मिनिटे असे वाढवत गेलो, आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी तिला मोकळे पळायला मिळेल असे कुंपण घातलेले शेत ठेवले. लाळ दिसली की ती फेरी तेथेच थांबवायची आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे यायचे. या सगळ्याला सहा आठवडे लागले. प्रदर्शनाची तारीख जाहीर झाल्यावर हे सुरू केले, तर वेळ पुरत नाही.

दुसरी गोष्ट बसण्याच्या जागेची. मागच्या सीटवर मोकळे बसलेले कुत्रे प्रत्येक वळणावर तोल सावरते. आम्ही सीट पाडून तेथे क्रेट, म्हणजे कुत्र्याला ठेवायचा जाळीचा पिंजरा, पट्ट्यांनी घट्ट बांधला, खाली रबरी चटई आणि तिच्यावर घरातली न धुतलेली गोधडी घातली. क्रेटमध्ये कुत्र्याला ताठ उभे राहता यावे, वळता यावे आणि पाय पसरून आडवे होता यावे. त्याहून फार मोठा घेतला तर ते आत घरंगळत राहते. बाजूच्या जाळीवर हवा खेळेल असा पातळ पंचा टाकल्याने झाडे आणि वाहने सरसर मागे जाताना दिसत नाहीत, आणि हरणीच्या बाबतीत याने फार मोठा फरक पडला. खिडक्यांच्या काचा दोन्ही बाजूंनी बोटभर खाली ठेवतो. गाडीतला सुगंधी डबा काढून टाकला.

खाण्याबाबत आम्ही आदल्या रात्रीचे जेवण लवकर आणि निम्मे देतो, निघण्याच्या सकाळी मोठे जेवण देत नाही, आणि रिंगण आटोपेपर्यंत उकडलेल्या चिकनचे लहान तुकडे एवढ्यावरच भागवतो. पाणी मात्र कधीही तोडू नये.

औषधाचा प्रश्न शेवटी येतो, पण तो येतो. गाडी लागण्यावर कुत्र्यांसाठी मॅरोपिटंट हे औषध आहे आणि ते पशुवैद्याच्या चिठ्ठीवरच, वजनानुसार ठरवलेल्या मात्रेत द्यायचे असते. आमच्या डॉक्टरांनी ते निघण्याच्या दोन तास आधी, पूर्ण उपाशी पोटी न देता एखाद्या घासाबरोबर द्यायला सांगितले. ते उलटी थांबवण्यात जितके प्रभावी आहे तितके मळमळ थांबवण्यात नाही, म्हणून गोळी दिली आणि उलटी झाली नाही, एवढ्यावर समाधान मानू नये. लाळ आणि घोट गिळणे यांवर लक्ष ठेवावे. पहिली गोळी प्रदर्शनाच्या दिवशी न देता एखाद्या सरावाच्या फेरीला देऊन परिणाम पाहावा.

गुंगीच्या औषधाला माझा स्पष्ट विरोध आहे. ॲसिप्रोमॅझिनसारख्या औषधाने कुत्रे निपचित पडते, म्हणून मालकाला ते शांत झाल्यासारखे वाटते. परंतु त्याने रक्तदाब खाली येतो आणि शरीराचे तापमान राखण्याची क्षमता मंदावते, जे तापलेल्या गाडीत धोक्याचे आहे. कारवान, पश्मी, ग्रेहाउंड यांसारखी सडपातळ, चरबी नसलेली शिकारी कुत्री अशा औषधांना अधिकच संवेदनशील असतात. आणि रिंगणात अर्धवट गुंगीतले कुत्रे उभे करणे प्रामाणिकपणाला धरून नाही.

उष्णता, पाय आणि पोट

मळमळ कमी झाल्यावरही हरणी उतरल्याबरोबर काही वेळ आखडलेलीच चाले. त्याची कारणे साधी होती. बराच वेळ पाय रोवून बसल्याने मांड्या आणि पाठीचे स्नायू आवळून येतात, आणि ते सैल व्हायला वेळ द्यावा लागतो. आता आम्ही दर दोन तासांनी थांबतो, पंधरा मिनिटे साध्या चालीने फिरवतो आणि मगच पाणी देतो. प्राण्यांच्या वाहतुकीसाठी केंद्र शासनाने १९७८ साली केलेल्या नियमांत कुत्र्यांना उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे, असे म्हटले आहे. ती किमान मर्यादा समजावी. थांबताना दार उघडण्याच्या आधी पट्टा लावलेला असलाच पाहिजे. कारवान कुत्र्याची मान डोक्यापेक्षा फारशी बारीक नसते, साधा पट्टा मागे सरकून निघतो, आणि महामार्गाच्या कडेला सुटलेले कारवान कोणाच्याही हाती लागत नाही. आम्ही रुंद पट्टा आणि छातीची पेटी (हार्नेस) असे दोन्ही एकाच वेळी घालतो.

कुत्र्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसासारखा घाम त्याला येत नाही, धापा टाकूनच ते अंगातली उष्णता बाहेर टाकते, आणि हवा कोंदट असेल तर धापाही पुऱ्या पडत नाहीत. बाहेर २४ अंश सेल्सियस इतकी सुखद हवा असतानाही उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत अर्ध्या तासात तापमान ४० अंशांच्या वर जाते. प्रदर्शने बहुधा थंडीच्या दिवसांत भरत असल्याने आपण बेसावध राहतो, नोंदणीच्या रांगेत पाच मिनिटांचे काम म्हणून जातो आणि कुत्रे गाडीत राहते. हे कधीही करू नये. पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींसाठी तर दुपारचा प्रवासच टाळावा. आम्ही सांगलीहून पहाटे तीन वाजता निघतो आणि उन्हे वर येण्याच्या आत पुण्यात असतो.

पोटाची तक्रार निराळ्या वेळी उद्भवते. प्रवासाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमक्या प्रदर्शनाच्या सकाळी, जेलीसारखा चिकट पदार्थ मिसळलेला पातळ शौच होतो. ताणामुळे मोठे आतडे चिडते, त्यात पाणी बदललेले असते आणि भर म्हणून कोणीतरी मांडवात नवा खाऊ दिलेला असतो. आम्ही घरच्या पाण्याचे दोन कॅन आणि घरचेच खाणे बरोबर नेतो, आणि कोणी प्रेमाने काही देऊ केले तर नम्रपणे नाही म्हणतो. जंताचे औषध निघण्याच्या तोंडावर न देता पुरेसे आधी दिलेले असावे. शौचात रक्त दिसले, जोडीला उलट्या आणि ताप असला, तर तो प्रवासाचा ताण समजू नये. विशेषतः पिल्लांत ते पार्व्हो या जीवघेण्या संसर्गजन्य आजाराचे लक्षण असू शकते, आणि अशा पिल्लाला मांडवात नेणे म्हणजे तेथील इतर सगळ्या पिल्लांचा जीव धोक्यात घालणे आहे. त्या दिवशी प्रवेश शुल्क बुडाले तरी बुडू द्यावे.

रेल्वेविषयी थोडेसे

मिरज जंक्शन जवळ असल्याने रेल्वेने का नेत नाही, असे मला अनेकदा विचारले जाते. नियमानुसार कुत्रे आपल्याबरोबर डब्यात न्यायचे असेल, तर वातानुकूलित प्रथम श्रेणीतील दोन किंवा चार शायिकांची पूर्ण खोली आपल्या नावावर असावी लागते आणि कुत्र्याची नोंदणी पार्सल कार्यालयात वेगळी करावी लागते. शयनयान, वातानुकूलित द्वितीय किंवा तृतीय श्रेणीत कुत्र्याला परवानगी नाही. खोली मिळेल की नाही, हे गाडीचा तक्ता तयार होताना कळते, म्हणजे निघण्याच्या काही तास आधीपर्यंत आपण अधांतरी असतो. दुसरा मार्ग गार्डच्या डब्यातील श्वानपेटीचा. ती लोखंडी, अंधारी आणि खडखडाट करणारी जागा आहे, आणि रात्रभर तेथे काढलेल्या कुत्र्याकडून सकाळी चालीची अपेक्षा करणे मला अन्याय्य वाटते. पूर्ण खोलीची खात्री असेल तर मात्र मळमळणाऱ्या कुत्र्यासाठी रेल्वे मोटारीपेक्षा बरी, कारण घाटातली वळणे आणि सततचे ब्रेक तिच्यात नसतात.

पोहोचल्यावर

आता आम्ही आदल्या दिवशीच पोहोचतो. पहाटे निघून त्याच सकाळी रिंगणात उतरणे वाचवते ते फक्त एका रात्रीचे भाडे. राहण्याच्या जागी कुत्रे चालेल का, हे फोनवर विचारून भागत नाही. जात आणि उंची सांगून लेखी होकार घ्यावा, कारण लहानसे कुत्रे गृहीत धरून दिलेला होकार दारात गेल्यावर फिरतो. खोलीत आधी क्रेट लावावा, घरची गोधडी घालावी आणि तासभर कुत्र्याला एकटे सोडावे. संध्याकाळी प्रदर्शनाच्या मैदानापर्यंत चालत नेऊन मांडव, खांब, दोऱ्या यांचा वास घेऊ द्यावा. लसीकरणाची वही, रेबीजच्या लसीची नोंद, केनेल क्लबच्या नोंदणीचे प्रमाणपत्र आणि मायक्रोचिपचा क्रमांक एकाच पाकिटात ठेवले, तर सकाळची धावपळ वाचते. आपल्या जातीचे नाव नोंदणीत कसे आहे, तेही पाहून ठेवावे: भारतीय टपाल खात्याने २००५ साली ज्या कुत्र्याचे तिकीट मुधोळ हाउंड या नावाने काढले, त्याचीच नोंद केनेल क्लब ऑफ इंडियाकडे कारवान हाउंड म्हणून होते, आणि अर्जात नावांची गल्लत झाली की खिडकीपाशी अर्धा तास जातो.

एक बारीक गोष्ट मला फार उशिरा कळली. हरणीचा सगळा सराव मातीवर आणि गवतावर झाला होता, आणि पुण्याच्या रिंगणात मंडपवाल्यांचे हिरवे जाजम होते, जे जोडावर थोडे उचललेले होते. त्या जोडापाशी ती प्रत्येक वेळी पाऊल आखडते, हे चित्रण तिसऱ्यांदा पाहताना ध्यानात आले. गावातल्या मंडपवाल्यांकडून तसाच एक जुना तुकडा आणून आठ दिवस अंगणात घातला, त्यावर तिला जेवायला दिले, आणि तो अडथळा संपला.

रिंगणाच्या दिवशी तिच्या पुकाऱ्याआधी साधारण पाऊण तास मी तिला क्रेटमधून बाहेर काढते. हा अवधी कराडच्या त्या फेरीतून आलेला आहे: तेव्हा तिला सैल व्हायला चाळीस मिनिटे लागली होती. पहिली वीस मिनिटे साधी चाल, मग गवत असेल तर लोळू देणे, मग दोन-तीन छोट्या दुडक्या फेऱ्या, आणि शेवटी एका अनोळखी व्यक्तीला विनंती करून दात दाखवणे. छातीखाली हात घालून केस कोरडे आहेत ना, हे मी आता सवयीने पाहते. तुमच्या कुत्र्याला हा अवधी वीस मिनिटे लागेल किंवा दीड तास. तो घरच्या चाचणीतच मोजून ठेवावा.

हे सगळे पाळून गेल्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा पुण्याला गेलो. छाती कोरडी होती. रिंगणात तिने त्रिकोणाच्या पहिल्या बाजूला थोडे मागेपुढे केले, दुसऱ्या बाजूला मान पुढे झुकवली आणि तिसऱ्या बाजूला ती मळ्याच्या बांधावर चालते तशी चालली. परीक्षकांनी ओठ वर करून दात पाहिले, तेव्हा तिने फक्त डोळे मिटले. तिला वर्गात दुसरा क्रमांक मिळाला. पहिल्या आलेल्या मादीचा खांदा आणि पुढचे पाय तिच्यापेक्षा उजवे होते आणि निर्णय योग्य होता.

परतीचा घाट अजून पूर्णपणे सुटलेला नाही. शिरवळला आम्ही ठरवून अर्धा तास थांबतो, तिला फिरवतो, घोटभर पाणी देतो आणि पंचा नीट ओढून मगच खंबाटकी चढतो. शिरवळलाच शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, हेही या वाटेने कुत्री घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. गेल्या दोन फेऱ्यांत उलटी झालेली नाही, परंतु घाटमाथ्याजवळ दोन्ही वेळा तिने नाक चाटले, घोट गिळले आणि थोडी लाळ गोधडीवर पडली. म्हणून या पावसाळ्यानंतर पुण्याला न जाता नुसता तो घाट चढून परत यायचे, असे तीन-चार रविवार मी वहीत लिहून ठेवले आहेत.